गाठ मारेपर्यंत

नमस्कार, नमस्कारा —
दोन्ही म्हणून टाकतो.
फरक एका कान्याचा.

बुधवारी रात्री दहा ते अकरा
कॉलेजच्या गच्चीवरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
आणि मी, भरमा सांबरेकर, दिवसा विमा एजंट,
त्या ट्रेंना सांगतो:
आता एक ब्लूज.

"काय रडगाणं लावालास रे दर बुधवारी?
शेजारच्यांना वाटतं, आमच्यात कोण गेलं."
आई, त्याची रीत आहे, मी सांगितलं.
पहिल्या ओळीत दुःख सांगायचं.
दुसऱ्या ओळीत तेच पुन्हा सांगायचं,
कारण पहिल्यांदा कोण ऐकतं?
आणि तिसरीत टोला हाणायचा.
आई भाकरी उलटत म्हणाली,
"तुझी अक्कूमावशी फोनवर हेच तर करते."

हे वेड कॅम्पातलं.
आल्मेडा मास्तरांकडे गेलो होतो पॉलिसी खपवायला.
पलटणीच्या बँडमधून रिटायर, कॉर्नेट वाजवून
वरच्या ओठावर कायमचा घट्टा.
पॉलिसी घेतली नाही.
चहा दिला, सुई टेकवली,
आणि मग पेटी ओढून दोन पट्ट्या दाबल्या:
हा कोमल गंधार. हा शुद्ध.
आता ती बाई ऐक, कुठं उभी आहे.
दोन्हींच्या मधे.
तिथं पट्टीच नाही.

मला उमजायला वेळ लागला नाही.
पुण्यात मला कानडी समजतात,
धारवाडात मराठी.

लेकीकडे मडगावला जाताना
मास्तरांनी अकरा रेकॉर्डी दिल्या, एक तडकलेली.
तडकलेलीच जास्त लावतो.
माझी आवड तशी खोडीची:
फार जलद सॅक्सोफोन अजून पचत नाही,
जिना उतरताना कुणी पायऱ्या मोजतंय असं वाटतं.
ट्रंपेट हवा तोंडात बोळा कोंबलेला,
पियानो हवा जरा उतरलेला,
आणि गाणारीच्या गळ्याला
निपाणीच्या वखारीसारखा वास हवा,
बंद शटरमागून येणारा.

टॉवर आमचा लहान.
हिंडलग्यापर्यंत स्वच्छ, सुळग्याला खरखर,
शिनोळीला, जिथं राज्य बदलतं,
त्याच्या बऱ्याच अलीकडे मी संपलेलो असतो.
प्राचार्यांची चिठ्ठी येऊन पडली आहे:
श्रोत्यांची आवड लक्षात घ्यावी.
श्रोते किती, ते चिठ्ठीत नाही.
मलाही ठाऊक नव्हतं.

गेल्या बुधवारी, दहा चाळीसला, फोन.
मागं नुसता खडखडाट.
"सर, इन्नोम्मे हच्रि."
पुन्हा लावा म्हणत होता, तडकलेलीच.
वडगावहून, रात्रपाळीचा रुद्राप्पा.
मग माझ्यासाठी मराठीत आला:
"माझा चार नंबरचा माग असाच लंगडालाय, सर.
मिस्त्री म्हणतो दुरुस्त करूया.
आता कशाला? तुमच्या गाण्यात चालतंय की."

मी म्हटलं, फोन मागाजवळ धरा.
आणि बटण वर सरकवलं.

खट. अखट. खट.
वरून बाईचा आवाज,
आणि दर फेऱ्याला त्या तड्याचा टिचका.
ठेका जुळला, असं खोटं सांगणार नाही.
दोघं एकमेकांच्या जरा मागं चालत होते,
पडद्यातल्या नवरीसारखं नव्हे,
बाजारातून परतणाऱ्या दोन म्हाताऱ्यांसारखं,
एक थांबला की दुसरा थांबतो.

रेकॉर्ड संपली. माग चालूच.
मग तोही कचकन थांबला.
"थांबा सर, धागा तुटला. गाठ मारतो."

नियम असा की हवा रिकामी सोडायची नाही.
जाहिरात तयार होती, विहिरीच्या पंपाची.
मी हात मांडीवर ठेवले.

सत्तावीस सेकंद,
हिंडलग्यापर्यंत स्वच्छ,
सुळग्याला खरखरत,
कुणीतरी गाठ मारत होतं.